रुमालाखालचा भाव

रज्जाक बागवान यांना आमच्या सोसायटीत सगळे रज्जाकभाई म्हणत. बिबवेवाडीतल्या या इमारतीला तीन मजले आहेत आणि लिफ्टसाठी सोडलेली एक उभी पोकळी आहे. लिफ्ट लवकरच बसवतो असं बिल्डरने सांगितलं होतं. त्या पोकळीत आता सायकली आणि एक तुटका पाळणा असतो. रज्जाकभाई तिसऱ्या मजल्यावर राहत. लिफ्टचं आधीच सांगून ठेवतो, कारण ती असती तर पुढचं बरंचसं घडलं नसतं. किंवा घडलंच असतं, पण कुणाला तरी दोष देण्याची सोय राहिली नसती.

धंदा फळांचा. मूळ घर कसबा पेठेत. वडील गेले तेव्हा थोरल्या दादामियाँना मिसरूड फुटत होतं आणि रज्जाक पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होता. दादामियाँनी मंडईत टोपल्या उचलल्या, मग टोपल्या विकल्या, मग पेट्या विकत घेतल्या. घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात हलला तेव्हा तिथे गाळा घेतला. धाकट्याला सातवीपर्यंत शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, बहिणीचं लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणत, "माल बघितला. भाव जमला नाही." लोक हसत, आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जाई. तोच उद्देश होता.

त्या काळी घाऊक बाजारात भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. विकणारा आडत्या आणि घेणारा समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. एक बोट दाबलं म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच, बोट दुमडलं की अर्धा. तळव्यावर अंगठा फिरवला की सौदा पक्का. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला नुसती रुमालाची हालचाल दिसे. याला हत्ता म्हणत. शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कळू नये यासाठी ही व्यवस्था अतिशय उत्तम होती, आणि त्याच कारणासाठी ती पुढे बंद झाली.

दादामियाँ हत्त्यातले उस्ताद. त्यांचा चेहरा आणि त्यांची बोटं यांची एकमेकांशी ओळख नव्हती. देवगड हापूसची पेटी उघडली की ते नाक मुरडून "पाणचट" म्हणत आणि एकच बोट दाबत. दादामियाँनी एक दाबलं म्हणजे माल पहिल्या नंबरचा, हे बाजारात पोराटोरांनाही माहीत होतं. घेणाऱ्याने खालून चढायचं, देणाऱ्याने वरून उतरायचं, आणि मधे कुठेतरी भेटायचं. रज्जाकभाई हे सगळं त्यांच्याच रुमालाखाली शिकले. गाळा बंद केल्यावर थोरला विकणारा होई, धाकटा घेणारा, आणि दिवसभर न विकलेल्या पपईवर दोघे घासाघीस करत बसत. दोन गोष्टी थोरल्याने बजावून ठेवल्या होत्या. पेटी उलटी केल्याशिवाय बोट दाबायचं नाही, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात. आणि मागितलेला भाव जो मुकाट्याने देतो तो एक तर नवखा असतो, नाही तर त्याला घरी जायची घाई झालेली असते.

दादामियाँना झटका आला तो सकाळी, दात घासताना. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, फक्त शब्द गेलेत. रज्जाकभाईंनी भावाला कसब्यातून आपल्या घरी आणलं. दादामियाँ चांगलेच आडव्या बांध्याचे होते. यार्डातला जुना हमाल भैरू आणखी तिघांना घेऊन आला आणि त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. वर पोचल्यावर भैरू भिंतीला टेकून म्हणाला, "मोठं मालक म्हंजी दोन पोती हायेत." दादामियाँच्या चेहऱ्याचा जो अर्धा भाग हलत होता तो हसला.

घरात अडचण होती, पण ती कुणाच्या स्वभावाची नव्हती. रज्जाकभाईंच्या बायकोने, मेहरुनने, या जेठापुढे तीस-पस्तीस वर्षं डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता. ती भरवत असे, तेही पदर सावरत. आंघोळ आणि पुढचं सगळं करायला एक माणूस ठेवला. पहिल्या दिवशी रज्जाकभाई मदतीला आत गेले, तर दादामियाँनी डावा हात दाराकडे केला. बाहेर हो. धाकट्याने थोरल्याचं उघडं अंग बघायचं नाही. रज्जाकभाई बाहेर स्टुलावर बसले, आणि त्यानंतर रोज तिथेच बसत.

तो माणूस जास्त पगारावर दुसरीकडे गेला. दुसरा आला, त्याने दादामियाँना मोरीत पाडलं. तिसरा आलाच नाही. रज्जाकभाईंचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, मेहरुनचे गुडघे गेलेले. मुलगा युसूफ हिंजवडीला कंपनीत होता, म्हणजे तो पुण्यातच राहत असे पण घरी रविवारी दिसे. त्यानेच शुश्रूषा केंद्राचा विषय काढला.

कसब्यातून बहीण हुस्नबानू आली. बागवानांच्या घरात म्हातारा माणूस ओझं झाला हे ऐकायला मी जगले, असं म्हणाली, चहा प्याली, आणि भावाला आपल्याकडे नेण्याविषयी काहीही न बोलता परत गेली. अशा प्रसंगी नातेवाईक येतात ते वाहतुकीच्या पोलिसासारखे. दिशा दाखवतात, गाडी ढकलत नाहीत.

युसूफने इंटरनेटवरून एक ठिकाण काढलं. "अब्बा, प्लेस एकदम प्रॉपर आहे. ट्रेन्ड स्टाफ, सीसीटीव्ही, आणि रिव्ह्यूज पण फोर-प्लस आहेत."

"रिव्ह्यू लिहितं कोण? आत राहणारे?"

"नाही, त्यांचे नातेवाईक."

"मग ते स्वतःबद्दल लिहीत असतील," रज्जाकभाई म्हणाले आणि चपला घालून निघाले.

ठिकाण बिबवेवाडीतच, वर टेकडीच्या अंगाला. एका बंगल्याचं 'कृतार्थ शुश्रूषा निवास' झालं होतं. दाराशी फळ्यावर दिनक्रम लिहिलेला: सकाळी प्रार्थना, दुपारी विश्रांती, सायंकाळी समाधान. चालक श्रीधर आगटे हे बँकेतून मुदतीआधी निवृत्त झालेले गृहस्थ. स्वच्छ, मितभाषी, प्रत्येकाला 'आपण' म्हणणारे.

रज्जाकभाई न कळवता गेले, आणि गेले ते मागच्या दाराने. आधी स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा उघडला. ताटात फार टाकलं जात असेल तर जेवण खाण्यालायक नसणार, असा हिशेब. डब्यात भाज्यांची देठं होती, भात नव्हता. मग खाटांखाली वाकून पाहिलं. तीन-चार म्हाताऱ्यांशी हात मिळवले, आणि हात मिळवताना त्यांची नखं पाहिली. कापलेली होती. एका गादीचा कोपरा उचलून वास घेतला. एक आजी त्यांना प्लंबर समजून नळाची तक्रार सांगत होत्या, ती पूर्ण ऐकून घेतली. आगटे मागोमाग येत होते. ते म्हणाले, "बागवानसाहेब, आपण तपासणी अधिकाऱ्यांपेक्षा बारकाईने बघता."

"ते पगारावर बघतात," रज्जाकभाई म्हणाले.

जागा चांगली होती, हे इथे नमूद केलं पाहिजे. त्या दिवशी ती खरोखरच चांगली होती. फळवाल्याला हेही ठाऊक असायला हवं होतं की माल ज्या दिवशी बघितला त्या दिवशीचा असतो. पण माणूस फळाबाबत जे विसरत नाही ते माणसाबाबत विसरतो.

प्रवेशाच्या वेळी आगटे थोडे घुटमळले. माझी स्वतःची काहीच हरकत नाही, म्हणाले, पण इथल्या बाकीच्यांना एकदा विचारावं लागेल. बाकीच्यांपैकी निम्म्यांना स्वतःची नावं सांगता येत नव्हती. तरी विचारण्यात आलं असावं, कारण आठवड्याने होकार आला. अट एकच, जेवण शाकाहारी. रज्जाकभाईंनी मान्य केलं. दादामियाँनी आयुष्यात दुधी भोपळा विकलाही नव्हता, मग खाणं तर दूरच.

भैरूने पुन्हा खुर्ची उचलली, या वेळी खाली.

रज्जाकभाई दर शुक्रवारी जात. जुम्म्याची नमाज, मग थोडं जेवण, मग चारच्या भेटीच्या वेळेला 'कृतार्थ'मध्ये हजर. त्या वेळी दादामियाँ दाढी केलेले, धुतलेला कुडता घातलेले, चाकाच्या खुर्चीत बसलेले असत. रज्जाकभाई आधी अत्तराचा फाया त्यांच्या कानात ठेवत, मनगटाला चोळत. शुक्रवारचं अत्तर भावाचं कधी चुकलं नव्हतं. मग समोर बसून यार्डातल्या बातम्या सांगत. कुणाचा गाळा गेला, सीताफळ कुठून येतंय. दादामियाँ ऐकत. उत्तर देता येत नव्हतं. होय-नाहीसाठी मान हलवावी, तर डॉक्टर म्हणाले होते तसं कधीकधी होयच्या जागी नाही होई, आणि मग ते चिडत.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी रज्जाकभाईंना रुमाल सुचला.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल भावाच्या मांडीवर पसरला आणि खालून त्यांचा डावा हात धरला. दादामियाँनी हात मागे घेतला. डाव्या हाताने सौदा करत नाहीत. रज्जाकभाई म्हणाले, "भाईजान, उजवा रजेवर आहे. डाव्यानेच घ्या." थोड्या वेळाने हात परत आला. बोटं धरल्याबरोबर दोघांनाही कळलं की जमतंय. दादामियाँच्या डोळ्यांत पाणी आलं, असं रज्जाकभाई नंतर सांगत. मग लगेच दुरुस्त करत, उजव्या डोळ्यातून तर झटक्यापासून पाणी येतच होतं.

विचारायचं होतं ते एकच. आजूबाजूला मावश्या वावरत होत्या, आगटे दारात उभे होते, म्हणून रज्जाकभाईंनी बाजारातल्यासारखंच विचारलं, "काय, माल कसा आहे?"

दादामियाँनी एक बोट दाबलं.

आणि रज्जाकभाईंनी चार दाबली.

विचार करून दाबली नाहीत. चाळीस वर्षं रुमालाखाली कुणी एक दाबलं की त्यांचा हात आपोआप चारवर जात असे. शिवाय समोरचा माणूस दादामियाँ होता, ज्याने जिंदगीत खऱ्या भावापासून सुरुवात केली नव्हती. त्याचं एक म्हणजे मूळ चार, निदान साडेतीन, आणि दुधीच्या भाजीचा राग वजा. दादामियाँ क्षणभर थांबले. मग त्यांनी दोन दाबली. रज्जाकभाईंनी साडेतीन केली. दादामियाँ तिनावर आले आणि तळव्यावर अंगठा फिरवला.

तीन म्हणजे चालणारा माल. रज्जाकभाई त्या दिवशी खुशीत घरी आले. मेहरुनला सांगितलं, भाईजान तीनवर आहेत. तिने शुक्र मानला. रविवारी युसूफला सांगितलं, त्याने "सिक्स्टी पर्सेंट, नॉट बॅड" असं मत दिलं. हुस्नबानूला फोन गेला. एका माणसाची शुश्रूषा कशी चालली आहे यावर घासाघीस होऊन सौदा पटला होता, आणि हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. रुमालाखाली ठरलेला भाव बदलत नाही. बदलणाऱ्याचं बाजारात तोंड काळं होतं.

पुढे दर शुक्रवारी हे होऊ लागलं. दादामियाँ एकवरून सुरू करत, रज्जाकभाई चारवरून, आणि तिनाला अंगठा फिरे. दोघे त्यात रमत. मावश्या बघायला थांबत. मथुराबाई नावाची एक मावशी होती, कात्रजपलीकडच्या गावची. ती म्हणे, "म्हाताऱ्यांचा जादूचा खेळ सुरू झाला बगा."

दिवाळीनंतर 'कृतार्थ'मधल्या दोन मावश्या आणि रात्रीचा माणूस नवीन झालेल्या मोठ्या केंद्रात गेले. तिथे पगार जास्त होता आणि गणवेश निळा होता. रज्जाकभाईंना माणसं कमी दिसली. विचारलं, तर आगटे म्हणाले, सुट्टीवर आहेत. सुट्टी लांबली. शुक्रवारी चार वाजता दादामियाँ मात्र तसेच दाढी केलेले, खुर्चीत बसलेले दिसत. फक्त आता ते एकवरून चटकन तिनावर येऊ लागले. मधे दोन नाही, अडीच नाही. रज्जाकभाईंनी याचा अर्थ सुधारणा असा घेतला. एकदोनदा त्यांना खोलीत अतिपिकल्या फणसासारखा वास आला. त्यांनी खिडकी उघडली आणि अत्तराचा आणखी एक फाया काढला.

थंडी सरत आली होती तेव्हाच्या एका शुक्रवारी त्यांनी रुमाल पसरला आणि नेहमीसारखं विचारलं. दादामियाँनी पंजा दाबला. पाच. विचारल्याबरोबर. आणि रज्जाकभाईंनी काही दाबायच्या आत अंगठा फिरवून हात काढून घेतला.

रज्जाकभाई गारच झाले. आनंदाने. तिथून ते घरी न जाता यार्डात गेले, कारण ही बातमी समजणारी माणसं तिथेच होती. गाळ्यासमोर भैरू पाटीवर बसून तंबाखू मळत होता. रज्जाकभाईंनी त्याला सांगितलं, भाईजानने आज पाच दिले.

"किती तानलं?"

"ताणलंच नाही. विचारलं आणि दिले."

भैरूचा अंगठा तळहातावर थांबला. "मोठ्या मालकांनी? एका दमात?" त्याने एवढंच विचारलं आणि तंबाखू तोंडात न टाकता तशीच झटकून टाकली.

त्याने दुसरं काही म्हणायची गरजही नव्हती. मुकाट्याने भाव देणाऱ्याला घरी जायची घाई झालेली असते, ही शिकवण ज्याने दिली होती तोच तिथे नव्हता, पण ती याच गाळ्यासमोर दिलेली होती. रज्जाकभाई उठले. भैरूही उठला. दोघे रिक्षाने 'कृतार्थ'ला गेले.

भेटीची वेळ संपली होती. बंगल्याचं पुढचं दार लावलेलं होतं, म्हणून रज्जाकभाई पहिल्या दिवसासारखे मागच्या दाराने गेले. कचऱ्याच्या डब्याचं झाकण लागत नव्हतं, इतका भात त्यात होता. खोलीत दादामियाँना मथुराबाईने कुशीवर वळवलं होतं. त्यांचा चेहरा भिंतीकडे होता आणि कुडता मानेपर्यंत वर केलेला होता.

रज्जाकभाईंनी भावाची पाठ आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

जे पाहिलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. भैरूने सांगितलं, तेही थोडं. कमरेच्या खाली मूठ बसेल एवढं होतं आणि आत पांढरं दिसत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर हाड आणि गादी यांच्यामध्ये जे असतं ते मरायला लागतं. डॉक्टर याला बेडसोर म्हणतात. सुरुवातीला तो नुसता लाल ठिपका असतो.

मथुराबाईने त्यांना पाहिलं तेव्हा ती दचकली नाही. तिच्या हातात कापूस होता. "दुपारधरनं खुर्चीत बसवलं हुतं," ती म्हणाली. "आज शुक्रवार ना. तुमास्नी बसल्यालं दिसाया पायजे म्हून." मग कापूस बदलत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी एकली हाय, दादा. हितल्या समद्यांच्या कुशी कवा बदलू? साहेबांस्नी म्हनलं हुतं, दवाखान्यात न्या. ते म्हनले, नेलं की घरची मानसं घाबरत्यात."

म्हणजे ज्या जखमेवर माणसाला बसवू नये तिच्यावर दादामियाँ दर शुक्रवारी दुपारपासून बसत होते. धाकट्या भावाला बरं वाटावं म्हणून. आणि धाकटा समोर बसून त्यांना एकवरून तिनावर चढवत होता.

आगटे आले. ते ओरडले नाहीत, नाकारलंही नाही. माणसं मिळत नाहीत हो, म्हणाले. जाहिरात देऊन थकलो. पाण्याची गादी मागवली आहे. ते खोटं बोलत होते असं म्हणता येणार नाही. मग त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "बागवानसाहेब, आपण दर आठवड्याला येत होतात. आपण कधी काही बोलला नाहीत. एकदा तरी तक्रार करायची होतीत ना आपण?"

तक्रार झालेली होती. दर शुक्रवारी, चार वाजता, एका बोटाने. ती रज्जाकभाईंनीच घासाघीस करून मागे घ्यायला लावली होती.

रुग्णालयात जखम साफ केली. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलत. म्हणाले, विष रक्तात गेलंय. औषधं चालू ठेवू, पण वयही आहे. घरी न्यायचं असेल तर न्या. रज्जाकभाईंनी घरी न्यायचं ठरवलं. मेहरुनने पुढची खोली रिकामी केली. 'कृतार्थ'वर तक्रार करायची का, यावर युसूफ बराच वेळ फोनवर इंग्रजीतून रागावत होता. त्याने एक स्टार देऊन मोठा रिव्ह्यू लिहिला. त्याखाली आगटे यांनी खेद व्यक्त करून आभार मानले. केंद्र अजून चालू आहे, आणि जागेसाठी नंबर लावावा लागतो.

खुर्ची उचलायला या वेळी भैरूने एकालाच बरोबर आणलं. पहिल्या मजल्यावर रज्जाकभाईंनी विचारलं, जरा टेकवायचं का? भैरू म्हणाला, "नगं." दुसऱ्या मजल्यावर कुणी विचारलं नाही.

आता कूस बदलायला रज्जाकभाई होते. अलार्म लावून उठत. हर्नियाचा पट्टा बांधून भावाला वळवत. पहिल्या दिवशी पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा दादामियाँनी डावा हात दाराकडे केला. रज्जाकभाई गेले नाहीत. हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग खाली आला. दादामियाँनी डोळे मिटून घेतले आणि पुढे प्रत्येक वेळी ते मिटूनच घेत. मेहरुन दाराबाहेर त्याच स्टुलावर बसून गॉजच्या घड्या करून आत देई, पदर डोक्यावर.

रुमाल रज्जाकभाईंनी मुद्दाम काढला नव्हता. त्यांची हिंमत होत नव्हती. पण एका दुपारी पट्टी झाल्यावर दादामियाँनीच उशाशी पडलेला रुमाल डाव्या हाताने ओढला आणि हातावर घेतला. रज्जाकभाईंनी खाली हात घातला. काही विचारलं नाही. काय विचारायचं ते दोघांनाही माहीत होतं.

दादामियाँनी एक बोट दाबलं.

रज्जाकभाई सांगत की त्या क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आता काहीही झालं तरी ताणायचं नाही. भाईजानने एक म्हटलं तर एक. या घरात, या तिसऱ्या मजल्यावर, आपल्या हातून जे होतंय त्याची किंमत एक. त्यांनी भावाच्या तळव्यावर अंगठा फिरवला. मान्य.

दादामियाँनी डोळे उघडले. त्यांनी रज्जाकभाईंचं बोट पुन्हा दाबलं, जरा जोरात. एक. आणि वाट बघितली. पुढे काही येत नाही असं पाहून त्यांनी नखाने तळवा टोचला, जसा यार्डात आळशी आडत्याला टोचत. पहिल्याच बोलीला अंगठा फिरवणाऱ्या नवख्याकडे ते जसे बघत तसे बघू लागले.

तेव्हा कुठे रज्जाकभाईंच्या लक्षात आलं की या माणसाकडे बोलायला दुसरं काही उरलेलंच नाही.

त्यांनी चार दाबली. दादामियाँनी लगेच दोन केली. रज्जाकभाईंनी साडेतीन. दादामियाँ दोनवर थांबले. रज्जाकभाई तीनवर उतरले. दादामियाँ दोनवरच. अडीचपर्यंत रज्जाकभाई आले, तरी ते हलले नाहीत आणि अंगठाही फिरवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बोटांत जोर नव्हता, पण मोजता येत होतं. दोन. खरे दोन, की बाजारातले दोन, की दुखण्याचे दोन, हे सांगायला वाचा किंवा चेहरा लागतो, आणि दादामियाँकडे अर्धा चेहराच उरला होता. दर संध्याकाळी रज्जाकभाई अडीचवर येऊन थांबत आणि म्हणत, "उद्या बघू, भाईजान."

उन्हाळा लागता लागता, आंबा यार्डात यायला सुरुवात झाली तेव्हा, दादामियाँ गेले. सौदा उघडाच राहिला.

मयतीला कसब्यातली, मंडईतली, यार्डातली माणसं आली. जिना अरुंद म्हणून भैरूने चादरीची झोळी करायला सांगितलं आणि पुढचं टोक स्वतः धरलं. दफन करून आल्यावर रज्जाकभाई लिफ्टच्या पोकळीपाशी उभे होते. येणारा प्रत्येक जण त्यांचे हात हातात घेऊन तेच म्हणत होता, शेवटी घरी आणलंत हे फार चांगलं केलंत. हुस्नबानू तर सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आपल्या घरात, आपल्या माणसांत गेला. याहून चांगली खिदमत कोणती?"

रज्जाकभाईंनी प्रत्येकाचा हात नीट धरला आणि सोडला. घरच्या खिदमतीचा शेवटचा भाव दोन होता, आणि तोही पक्का झालेला नव्हता.